डीएपीच्या पोत्यामागचे साडेपाचशे रुपये : खते विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. सचिव,
खते विभाग, रसायने व खते मंत्रालय,
नवी दिल्ली

महोदय,

हे पत्र शेतकऱ्याचं नाही, शेतकऱ्याला खत विकणाऱ्याचं आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. वडिलांनी काढलेलं, आता मी बसतो. पेरणीच्या दिवसांत गावात बोटं मोडली जातात ती आमच्याच नावानं, आणि त्यातली थोडी वाजवीही असतात. म्हणून आधी कबुली देतो आणि मग तक्रार करतो. २०२५ च्या या रब्बीत मी डीएपीच्या (डायअमोनियम फॉस्फेट, म्हणजे नत्र आणि स्फुरद देणारं खत) पोत्याबरोबर द्रवरूप खताची बाटली गळ्यात मारली. एकाच्या नाही, बऱ्याच जणांच्या.

आमच्याकडे त्याला लिंकिंग म्हणतात. आपल्या परिपत्रकांत हा शब्द ‘असे आढळल्यास कठोर कारवाई’ या वाक्याच्या आसपास येतो. आमच्याकडे तो कसा येतो ते सांगतो. रेक, म्हणजे खताची मालगाडी, लागली की कंपनीचा माणूस फोन करतो : अमुक टन डीएपी तुमच्या नावावर टाकतो, पण त्यासोबत एवढ्या बाटल्या, एवढं सूक्ष्म अन्नद्रव्य उचला. नाही उचललं तर पुढच्या रेकेला तुमचं नाव यादीत नसतं. कागदावर काही नाही. डीएपीचं बिल वेगळं, बाटल्यांचं वेगळं, तारखाही दोन दिवसांच्या फरकानं. कुणी तपासायला आलं तर दोन्ही बिलं आपापल्या जागी शुद्ध.

सप्टेंबरच्या पावसानं आमच्या भागाचं काय केलं ते आपण बातम्यांत पाहिलं असेल. शेंगा भरलेलं सोयाबीन पाण्यात बसलं, नदीकाठची माती वाहून गेली. वाफसा आला तसे लोक हरभऱ्याला लागले, कारण वर्ष काढायचं तर आता रब्बीवरच. अशात एक तात्या दुकानात आले. वय सत्तरीच्या पुढे. खताची विक्री अंगठ्यावर नोंदवणाऱ्या ई-पॉस मशिनवर अंगठा ठेवला, उठेना. चिखलात आणि कुदळीच्या दांड्यावर आयुष्य गेलेल्या माणसाच्या अंगठ्याला रेषा उरत नाहीत. हात धुतला, पुसला, दुसरा अंगठा, मग तर्जनी. पाचव्या वेळेला मशिननं पावती दिली. दोन पोती हवी होती, मी एक दिलं, आणि त्या एकाबरोबर अडीचशेची बाटली. तात्यांनी पैसे मोजले, पोतं नातवाच्या खांद्यावर दिलं आणि बाटली गल्ल्याजवळच ठेवून म्हणाले, “घे लेका, ही तुझ्या देवाऱ्यात ठेव.” मी हसलो नाही. तेही हसले नाहीत.

ते अडीचशे रुपये नेमके कशाचे, हा हिशेब मी त्या रात्री करायला बसलो. आपल्यासमोर मांडतो, चुकला तर दुरुस्त करा.

२०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आयात डीएपीचा भाव भारतीय बंदरावर टनाला ८०० डॉलरच्या वर गेला. डॉलर ८७ रुपये धरला तर टनाचे ६९,६०० झाले. टनाची वीस पोती होतात, म्हणजे एक पोतं बंदरावरच साधारण ३,४८० रुपयांना पडलं. सीमाशुल्क, बंदरावरचा खर्च, पोती भरणं, जीएसटी, माझं कमिशन हे अजून धरलेलंच नाही. आता दुसरी बाजू. शेतकऱ्याकडून १,३५० रुपये. खरीप २०२५ साठी डीएपीवर आपलं अनुदान टनाला २७,७९९ रुपये होतं, म्हणजे पोत्याला १,३९०. वर टनाला ३,५०० रुपयांचं विशेष पॅकेज, म्हणजे पोत्याला १७५. बेरीज २,९१५. कमी पडतात ५६५ रुपये.

हे साडेपाचशे हवेत विरत नाहीत. कुणीतरी ते सोसतो किंवा कुणावर तरी ढकलतो. आयातदाराला नंतर भरपाई देण्याच्या तरतुदी आपण करता हे मला माहीत आहे. पण किती आणि कधी हे जहाज ठरवायच्या दिवशी त्याच्या हातात नसतं, आणि नसेल तर तो दोनच गोष्टी करतो. एक, जहाज मागवतच नाही. दोन, मागवतो आणि तोटा बाटलीत भरून माझ्याकडे पाठवतो. मी तात्यांकडे पाठवतो. तात्यांच्या पुढे कुणी नसतं. सगळं लिंकिंग याच एका कारणानं होतं असं मी म्हणत नाही. नुसत्या हावेपायी करणाऱ्या कंपन्याही आहेत आणि दुकानदारही. पण भाव वर गेला की बाटल्यांची संख्या वाढते, हे मी गेली काही वर्षं गल्ल्यावर बसून पाहतो आहे.

आपण म्हणाल, जगाचा बाजार आमच्या हातात नाही. खरं आहे. स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) बाबतीत तर देवानंच पंक्तिप्रपंच केलाय. जगातल्या फॉस्फेट खडकाच्या ज्ञात साठ्यांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त एकट्या मोरोक्कोकडे. तिथल्या खुरीबगा खाणीतला खडक दळून, पाण्यात कालवून १८७ किलोमीटरच्या पाइपातून किनाऱ्यावरच्या जोर्फ लास्फारला नेतात. आणि आपल्याकडे? उदयपूरजवळचं झामरकोटडा, मध्य प्रदेशातल्या काही खाणी, तेवढंच. म्हणजे डीएपी तयार आणा, नाहीतर खडक आणा, नाहीतर फॉस्फोरिक ॲसिड आणा. समुद्र ओलांडल्याशिवाय काही येत नाही. देशात बनलं म्हणून ज्या पोत्यावर आपण अभिमानानं शिक्का मारतो, त्यातला खडक बऱ्याचदा जॉर्डनचा किंवा मोरोक्कोचा असतो, अमोनिया आणि गंधकही बरंचसं आखातातून आलेलं. ओडिशातल्या पारादीपचा कारखाना आणि आमच्या शेजारच्या गोव्यातला झुआरीनगरचा, दोन्ही आज एकाच कंपनीकडे आहेत आणि तिच्या प्रवर्तकांत मोरोक्कोची सरकारी फॉस्फेट कंपनी आहे. यात गैर काही नाही. खडक ज्याचा, त्याच्याशी सोयरीक करावीच लागते.

चीनचं वेगळं. ऑक्टोबर २०२१ पासून त्यांनी निर्यातीआधी तपासणीचा नियम आणला आणि तेव्हापासून ते दार हवं तेव्हा उघडतात, हवं तेव्हा लावतात. आधी त्यांचा शेतकरी, मग त्यांचा बॅटरीवाला, मग उरलं तर निर्यात. (लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीला फॉस्फेट लागतं, तात्यांच्या हरभऱ्याची आता विजेवर चालणाऱ्या मोटारीशी स्पर्धा आहे हे मी त्यांना कसं समजावू?) २०२३-२४ मध्ये चीनमधून आपल्याकडे सुमारे २३ लाख टन डीएपी आलं. पुढच्या वर्षी साडेआठ लाख टनांच्या आसपास. त्याच दोन वर्षांत देशातली डीएपीची विक्री १०८ लाख टनांवरून ९३ लाखांच्या घरात आली. मागणी घटली म्हणून नाही. माल नव्हता म्हणून. आणि नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांना विचारा, २०२५ मध्ये १२:६१:०० आणि ०:५२:३४ या पाण्यात विरघळणाऱ्या खतांसाठी त्यांची काय धावपळ झाली.

अमेरिकेनं २०२१ मध्ये स्वतःच्या एका कंपनीच्या तक्रारीवरून मोरोक्को आणि रशियाच्या फॉस्फेटवर भरपाई शुल्क (परदेशी सरकारच्या अनुदानावर उतारा म्हणून लावायचा आयात कर) लावलं, तेव्हा तिकडचा माल दुसरीकडे वळला, आखातातला माल अमेरिकेकडे. आपल्या खरिपाची खरेदी चालू असते त्याच महिन्यांत ब्राझील स्वतःच्या सप्टेंबरात पेरायच्या सोयाबीनसाठी फॉस्फेट उचलतो. म्हणजे आमच्या सोयाबीनच्या तोंडचं खत त्यांचं सोयाबीन खातं, आणि पुढे तेच तेल होऊन आमचा भाव पाडायला येतं. असो.

हे सगळं आपल्या हातात नाही, मान्य. पण एक गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि हे पत्र खरं तर तेवढ्यासाठीच आहे. तारीख.

रब्बी २०२५-२६ साठी स्फुरदावरचं अनुदान किलोला ४३.६० रुपयांवरून ४७.९६ रुपये झालं. डीएपीला टनामागे २९,८०५ रुपये. चांगलं केलंत. मंत्रिमंडळानं हे मंजूर केलं २८ ऑक्टोबर २०२५ ला, लागू १ ऑक्टोबरपासून. त्या दिवशी भाऊबीज होऊन पाच दिवस झाले होते. माझ्याकडे डीएपीसाठी रांग लागून तीन आठवडे उलटले होते. तात्यांचा हरभरा पेरून झाला होता.

आता हिशेब उलटा लावा. हरभऱ्याची पेरणी ऑक्टोबरात. तिच्यासाठी पोतं दुकानात हवं सप्टेंबरअखेर. त्यासाठी रेक निघायला हवी सप्टेंबरच्या मध्यात, म्हणजे मुंद्रा, कांडला किंवा विशाखापट्टणमला जहाज लागायला हवं सप्टेंबरच्या सुरुवातीला, आणि सौदा झालेला हवा जुलैत, फार तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. जुलैत ज्याला ८०० डॉलरचा सौदा करायचाय, त्याला अनुदान कळणार ऑक्टोबरच्या शेवटी. कोणता व्यापारी असा धंदा करेल? मी तर माझ्या मेहुण्याशीही करणार नाही. पूर्वलक्षी लागू केलं म्हणून भागत नाही. मागच्या तारखेचा आदेश काढता येतो, मागच्या तारखेला जहाज नाही मागवता येत.

आणि दर ४३.६० वरून ४७.९६ केला याचा दुसरा अर्थ असा की खरिपाचा दर कमी पडत होता, हे आपणच मान्य केलंत. फक्त खरीप उरकल्यावर.

वडिलांच्या काळापासूनची ही गोष्ट आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद-पालाशाची (पालाश म्हणजे पोटॅश) खतं नियंत्रणमुक्त झाली आणि युरिया तसाच ठेवला. वडील सांगायचे, तेव्हापासून गिऱ्हाईक दुकानात येऊन आधी पिकाचं नाव सांगायचं सोडून खिशातल्या नोटा चाचपायला लागलं. युरिया स्वस्त म्हणून युरियाच. मग १ एप्रिल २०१० पासून आपण पोषणमूल्यावर आधारित अनुदान आणलं. कल्पना झकास होती : नत्राला एवढं, स्फुरदाला एवढं, पालाशाला एवढं, गंधकाला एवढं, खत कोणतंही असो, त्यातल्या अन्नद्रव्याला पैसे, किंमत कंपनीनं ठरवावी. पुस्तकात आजही तेच आहे. पण प्रत्यक्षात डीएपीची किंमत आपणच धरून ठेवता. २०२१ च्या उन्हाळ्यात डीएपी १,९०० होणार अशी बातमी व्हॉट्सॲपवर फिरली आणि एका दिवसात माझं गोदाम रिकामं झालं. मग १९ मे ला आपण अनुदान पोत्याला ५०० वरून १,२०० केलं, पोतं १,२०० ला राहिलं. पुढच्या वर्षी १,३५०. तेव्हापासून तिथेच.

पण १०:२६:२६ ला (नत्र, स्फुरद, पालाश अशा क्रमानं टक्के असलेलं मिश्रखत) अशी कुणी दोरी बांधलेली नाही. तिची किंमत डीएपीच्या वर गेली आहे, जरी तिच्यात स्फुरद २६ आणि डीएपीत ४६. आता शेतकऱ्यानं काय करावं? तो अडाणी नाही. जास्त स्फुरदाचं पोतं स्वस्त आणि कमी स्फुरदाचं महाग असेल तर तो पहिल्याच्याच मागे पळणार. मग आपण म्हणता, शेतकऱ्याला डीएपीचं वेड आहे, प्रबोधन करा. वेड नाही साहेब, गणित आहे, आणि ते गणित आपण घातलंय.

प्रबोधनाचं म्हणाल तर मी करतो. खरंच करतो. एका डीएपीच्या पोत्याऐवजी सिंगल सुपर फॉस्फेटची तीन पोती आणि थोडा युरिया घ्या, हा कृषी खात्याचा सल्ला मी दुकानाच्या फळ्यावर लिहून ठेवलाय. डीएपीच्या पोत्यात स्फुरद २३ किलो. सुपरच्या तीन पोत्यांत २४ किलो आणि वर साडेसोळा किलो गंधक. सोयाबीनला, हरभऱ्याला गंधक लागतंच, डीएपीत ते नसतं. आमची काळी जमीन चुनखडीची, तिच्यात टाकलेलं स्फुरद पहिल्या हंगामात पिकाला जेमतेम १५ ते २५ टक्के लागू होतं, बाकीचं माती धरून बसते. म्हणून बियाण्याला पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू चोळा, हेही सांगतो. पाकीट स्वस्त आहे. घेतात काही जण. पण सुपरची तीन पोती म्हणजे तीन खेपा. डोंगरकडच्या पाच एकरांच्या माणसाला रस्ता नाही, मजूर नाही, तिफणीच्या पेटीत ते तिप्पट खत बसत नाही. तीन पोती वाहून देणारा माणूस पण फुकट देणार का, असं मला विचारलं गेलंय. मी काय सांगणार? शिवाय सुपरचा दर्जा. काही पोती फोडली की खडे कमी आणि धूळ जास्त. ज्याच्या हातात एकदा अशी धूळ आली तो दुसऱ्यांदा सुपर मागत नाही, आणि मीही आग्रह करत नाही.

धाडींबद्दल थोडक्यात. टंचाई झाली की तपासणी माझ्याकडे येते. साठा फलक, भाव फलक, मशिनमधला साठा आणि गोदामातला साठा, सगळं जुळवून पाहतात. पाहावं. पण माझ्याकडे तपासायला येणाऱ्याच्या हातात रेक पॉइंटवरचं पान का नसतं? ज्या दिवशी माल उतरला त्या दिवशी कंपनीनं कोणाकोणाला काय दिलं आणि त्याच आठवड्यात त्याच दुकानांना दुसरा कोणता माल बिल केला, एवढी दोन पानं शेजारी ठेवली की लिंकिंग उघड्या डोळ्यांनी दिसतं. जीएसटीच्या कागदांत सगळं आहे. त्यासाठी माझ्या दुकानाच्या फळीवरच्या बाटल्या मोजायची गरज नाही.

सौदी अरेबियाशी आपण २०२५ मध्ये दरवर्षी ३१ लाख टन डीएपीचा पाच वर्षांचा करार घडवून आणलात, त्याचं मनापासून स्वागत. २०२४-२५ मध्ये तिथून १९ लाख टन आलं होतं, म्हणजे ही मोठी उडी आहे. एक शंका मात्र मनात आहे. तो माल रास अल-खैर बंदरातून निघतो आणि होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो. चीनच्या दारावरून उठून आपण एका चिंचोळ्या गल्लीच्या तोंडाशी बसलो. म्हणून मोरोक्को, जॉर्डन, रशिया यांच्याशीही अशीच लांबची बोलणी व्हावीत. आणि माल कोणत्या महिन्यात किती यायचा, हे करारात असेल तर ते आम्हालाही कळू द्या. वर्षाला ३१ लाख टन हा आकडा दिल्लीत छान वाटतो. आम्हाला जून आणि सप्टेंबर हे दोन महिने लागतात.

मग काय करावं? खरिपाचा दर जानेवारीत आणि रब्बीचा दर जूनच्या शेवटी जाहीर करा. तेव्हा जागतिक भाव पुढे काय होईल हे कुणालाच ठाऊक नसतं, हे खरं. म्हणून दराबरोबर एक सूत्रही छापा. बंदरावरचा भाव अमुक डॉलरच्या वर गेला तर अनुदान आपोआप एवढं वाढेल, खाली आला तर एवढं कमी होईल. आयातदाराला बैठकीची वाट पाहावी लागणार नाही, आणि तोटा झाला म्हणून बाटल्या वाटायला त्याला तोंड राहणार नाही. मग लिंकिंग करणाऱ्याला खुशाल तुरुंगात घाला. मलासुद्धा.

काही जण म्हणतात, १,३५० ला न मिळणाऱ्या पोत्यापेक्षा १,५०० ला मिळणारं बरं. माझ्या दुकानातही म्हणतात. बाटली धरली तर ते आत्ताच १,६०० देताहेत, तेव्हा त्यांचं चूक नाही. पण भाव वाढवा असं मी लिहिणार नाही. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता आणि आडतीवर ते चार-साडेचार हजारांना गेलं, भिजलेलं त्याहून खाली. ज्या दिवशी ५,३२८ खरोखर हातात पडतील त्या दिवशी पोत्याच्या भावाचं बोलू.

हरभरा आता फुटव्याला आलाय. तात्यांचाही बरा आहे, एका पोत्यातच भागवलं त्यांनी. ती बाटली माझ्याकडेच आहे, आणि तिच्यासारख्या आणखी सतरा. कंपनी परत घेत नाही. झाकणावर मुदत छापलेली आहे. त्या कोणत्या खात्यावर जमा करायच्या, एवढं कळवावं.

आपला,
मराठवाड्यातला एक कृषी सेवा केंद्रचालक